इम्प्लांटनंतर न भरणारी जखम : 'एनटीएम' संसर्ग म्हणजे काय? तो ओळखायचा कसा आणि बरा होतो का?

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. टाके निघाले. जखम वरून कोरडी दिसू लागली आणि रुग्ण गावी परतला. महिना-दीड महिन्याने त्याच जागी थोडी लाली आली, एक छोटी गाठ उठली आणि तिच्यातून पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागला. ताप नाही, फारशी वेदनाही नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, रोज ड्रेसिंग झाले. पण आठवडाभर बंद होणारी जखम पुन्हा फुटते. लॅबचा अहवाल म्हणतो, "जिवाणू आढळले नाहीत."

स्तनाचे इम्प्लांट, नाकातले किंवा हनुवटीतले इम्प्लांट, पोटाची चरबी काढण्याची शस्त्रक्रिया, हर्नियाची जाळी किंवा दुर्बिणीने केलेले पित्ताशयाचे ऑपरेशन यांपैकी कशानंतरही असे घडू शकते. असे घडले की डॉक्टरांच्या मनात एका वेगळ्या जिवाणूगटाची शंका यायला हवी. हा गट म्हणजे 'नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया', थोडक्यात 'एनटीएम'. मराठीत त्यांना 'क्षयरोगाव्यतिरिक्तचे मायकोबॅक्टेरिया' म्हणता येईल.

हा संसर्ग दुर्मीळ आहे. पण तो ओळखायला उशीर झाला की रुग्णाचे अनेक महिने वाया जातात, चुकीची औषधे पोटात जातात आणि शेवटी इम्प्लांटही काढावे लागते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही अडचण आणखी वाढते, कारण ऑपरेशन एका शहरात होते आणि जखम चिघळते दुसऱ्याच गावात.

थोडक्यात महत्त्वाचे

- एनटीएम हे क्षयरोगाच्या जिवाणूचे भाऊबंद आहेत, पण त्यांच्यामुळे होणारा आजार म्हणजे टीबी नव्हे.
- ते पाण्यात आणि मातीत राहतात. नळाचे, बोअरचे, उकळून थंड केलेले किंवा आरओचे पाणी निर्जंतुक आहे असे धरून चालत नाही.
- लक्षणे बहुतेकदा काही आठवड्यांनी दिसतात, कधी काही महिन्यांनीही.
- नेहमीच्या पू तपासणीत ते निसटू शकतात. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी मागवावी लागते.
- उपचार काही महिने चालतात आणि बहुतेक वेळा इम्प्लांट काढावे लागते. तरीही हा संसर्ग बरा होतो.
- तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

हे जिवाणू नेमके कोणते?

मायकोबॅक्टेरिया हे मोठे कुटुंब आहे. त्यातले दोन सदस्य सगळ्यांच्या ओळखीचे आहेत : एक क्षयरोगाचा जिवाणू आणि दुसरा कुष्ठरोगाचा. हे दोन आणि त्यांचे अगदी जवळचे नातलग सोडले तर उरलेल्या सुमारे दोनशे जातींना एकत्रितपणे एनटीएम म्हटले जाते. त्यातल्या बहुतेक जाती निसर्गात राहतात आणि माणसाला काहीही त्रास देत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या जखमांत प्रामुख्याने तीन जाती सापडतात : मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, मायकोबॅक्टेरियम किलोनी आणि मायकोबॅक्टेरियम अॅबसेसस. त्यांना 'वेगाने वाढणारे' मायकोबॅक्टेरिया म्हणतात. हा वेग मात्र टीबीच्या जिवाणूशी तुलना करून ठरवलेला आहे. प्रयोगशाळेत टीबीचा जिवाणू दिसायला कित्येक आठवडे लागतात, तर हे सुमारे सात दिवसांत दिसतात. साधे पू करणारे जिवाणू एक-दोन दिवसांतच दिसतात. त्यामुळे रोजच्या लॅबच्या हिशेबाने हे 'वेगवान' जिवाणूही संथच ठरतात.

या जिवाणूंचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. किलोनीचा शोध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्री कासवांमध्ये लागला आणि कासवाच्या ग्रीक नावावरूनच त्याचे नाव पडले. फॉर्च्युइटमचे वर्णन १९३८ मध्ये ब्राझीलमधील एका संशोधकाने इंजेक्शननंतर झालेल्या गळवातून केले. अॅबसेससची नोंद १९५३ मध्ये गुडघ्याच्या गळवातून झाली. म्हणजे हे जिवाणू काही नव्याने आलेले नाहीत. इम्प्लांट, जाळ्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया वाढल्या, तशा त्यांना शरीरात शिरायच्या वाटा वाढल्या.

पाण्याचा संबंध कसा येतो?

एनटीएमच्या पेशीभोवती मेणासारखे जाड आवरण असते. त्यामुळे साध्या जिवाणूंना मारणारे क्लोरिनचे प्रमाण त्यांना पुरेसे होत नाही. नळाच्या पाइपच्या, टाकीच्या आणि शॉवरच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर साचतो, त्यात ते वर्षानुवर्षे टिकतात. हे पाणी प्यायल्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. मात्र तेच पाणी ऑपरेशनच्या हत्यारावर, जखमेवर किंवा शरीरात बसवायच्या वस्तूवर लागले की चित्र बदलते.

घरातल्या आरओ यंत्राचे पाणी किंवा विकतच्या जारचे पाणी पिण्यासाठी ठीक असेल, पण ते शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक नसते. पाणी उकळताना जिवाणू मेले, तरी ते थंड होताना, दुसऱ्या भांड्यात ओतताना किंवा झाकण उघडे राहिल्याने पुन्हा दूषित होऊ शकते. 'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' यांतला हा फरकच अशा संसर्गाच्या मुळाशी असतो.

इम्प्लांट असेल तर संसर्ग हट्टी का होतो?

शरीरातल्या जिवंत भागात रक्त खेळते. रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी आणि औषधे पोहोचतात आणि जिवाणूंचा बंदोबस्त होतो. सिलिकॉनचे इम्प्लांट किंवा हर्नियाची जाळी ही निर्जीव वस्तू असते. तिच्या आत रक्तपुरवठा नसतो. जिवाणू तिच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. या थराला 'बायोफिल्म' म्हणतात. नदीतल्या दगडावरचे शेवाळ जसे वरून पाणी ओतून निघत नाही, तसे हे जिवाणूही नुसत्या गोळ्यांनी निघत नाहीत. गोळ्या चालू असेपर्यंत जखम शांत होते आणि त्या थांबल्या की पुन्हा वाहू लागते.

इम्प्लांट केवळ सौंदर्यासाठीच बसवतात असेही नाही. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या अनेक स्त्रियांमध्ये पुनर्रचनेसाठी इम्प्लांट वापरतात. किरणोपचार झालेली त्वचा आणि केमोथेरपीमुळे कमी झालेली प्रतिकारशक्ती यांमुळे अशा रुग्णांना कोणत्याही संसर्गाचा धोका जास्त असतो. म्हणून "हौस होती, भोगा आता" असे म्हणून या विषयाकडे पाहणे चुकीचे आहे, आणि ज्यांनी इम्प्लांट केवळ सौंदर्यासाठी घेतले त्यांच्याबाबतही ते अन्यायाचेच आहे.

जगात आजवर काय घडले?

शस्त्रक्रियेनंतरच्या एनटीएम संसर्गाच्या अनेक साथी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या काही जंतू कुठून येतो हे नीट दाखवून देतात.

*खुणेची शाई* : अमेरिकेत प्लास्टिक सर्जरी झालेल्या काही रुग्णांच्या जखमांत किलोनी सापडला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर खुणा करायला वापरलेले जांभळे द्रावण, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, दूषित होते. हत्यारे निर्जंतुक होती, पण खूण करायची शाई नव्हती.

*सर्जनच्या अंगावरचा जंतू* : इस्रायलमध्ये स्तनाचे इम्प्लांट बसवलेल्या १५ स्त्रियांना एका अपरिचित मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग झाला. शोध घेताना तोच जंतू एका सर्जनच्या भुवया, केस, चेहरा अशा जागी आणि त्याच्या घरच्या जकुझीच्या पाण्यात सापडला. त्यावरून संशोधकांनी जंतूला 'जकुझी' असे नाव सुचवले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

*निर्जंतुक करणारे द्रावणच निकामी* : ब्राझीलच्या रिओ दि जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात ६३ रुग्णालयांतून १,०५१ संशयित रुग्ण नोंदले गेले. बहुतेकांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली होती. या साथीतला जंतू अॅबसेससच्या गटातला होता आणि हत्यारे बुडवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या २ टक्के ग्लुटारल्डिहाइडला तो दाद देत नव्हता. त्यानंतर २००९ मध्ये ब्राझीलच्या आरोग्य नियामक संस्थेने अशा शस्त्रक्रियांच्या हत्यारांचे द्रावणात बुडवून निर्जंतुकीकरण करण्यावर बंदी आणली.

*स्वस्तात ऑपरेशन, घरी परतल्यावर आजार* : २०१३-१४ मध्ये अमेरिकेतून डॉमिनिकन रिपब्लिक देशात जाऊन कमी खर्चात सौंदर्यशस्त्रक्रिया करून आलेल्या २१ रुग्णांमध्ये असा संसर्ग आढळला. ऑपरेशन एका देशात आणि जखम दुसऱ्या देशात, त्यामुळे धागा जुळवायला वेळ लागला.

भारतात हा प्रश्न कुठे दिसतो?

भारतात एनटीएमचा शस्त्रक्रियेशी असलेला संबंध सर्वाधिक पुढे आला तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमुळे. पोटावर जिथे बारीक छिद्रे पाडतात, तिथेच काही आठवड्यांनी गाठी आणि वाहणाऱ्या जखमा होतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अहवालात एकाच रुग्णालयात सहा आठवड्यांच्या काळात ऑपरेशन झालेल्या ३५ रुग्णांच्या मिळून १४५ छिद्रांच्या जागी किलोनीचा संसर्ग झाल्याची नोंद आहे. त्याचे मूळ सापडले ते द्रावणातून काढलेली हत्यारे धुवायला वापरलेल्या पाण्यात.

याची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. दुर्बीण आणि तिची काही नाजूक उपकरणे उष्णतेने खराब होतात, म्हणून ती ऑटोक्लेव्हमध्ये न घालता ग्लुटारल्डिहाइडमध्ये बुडवतात. वीस मिनिटे बुडवल्याने बरेच जंतू मरतात. मात्र पूर्ण निर्जंतुकीकरणासाठी आठ ते दहा तास लागतात. एका दिवसात एकापाठोपाठ पाच-सहा ऑपरेशने असतील तर इतका वेळ मिळत नाही. शिवाय हत्यारांच्या सांध्यांत अडकलेले रक्त आधी घासून काढले नसेल, तर द्रावण आत पोहोचतच नाही. आणि शेवटी, द्रावण धुऊन काढण्यासाठी निर्जंतुक पाण्याऐवजी उकळलेले किंवा नळाचे पाणी वापरले, तर मेलेल्या जंतूंच्या जागी नवे जंतू येऊन बसतात.

सौंदर्यशस्त्रक्रियेतही हाच धडा लागू होतो. इम्प्लांट कंपनीच्या वेष्टनातून निर्जंतुक असेच येते. अडचण येते ती वेष्टन उघडल्यानंतर : ते कशाने धुतले, कोणत्या भांड्यात ठेवले, कोणाच्या हातून गेले, खोलीत काय होते यांत. चरबी काढण्याच्या नळ्या, फिलर किंवा इतर इंजेक्शने, एकच बाटली अनेक रुग्णांना वापरणे, केशरोपणाच्या वेळी वापरलेले पाणी या वाटांनीही जंतू शिरू शकतो.

महाराष्ट्रात या जिवाणूंवर काम झालेले आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आणि मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील प्रयोगशाळेने एनटीएमवर संशोधन प्रसिद्ध केले आहे. म्हणजे हे जिवाणू ओळखण्याचे ज्ञान राज्यात आहे. अडतो तो नमुना तिथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अडचण कुठे येते?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा लहान जिल्हा आहे. मोठ्या उपचारासाठी इथल्या लोकांना नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठण्याची सवय आहे. इम्प्लांटसारखी शस्त्रक्रियाही बहुधा अशाच शहरात होते. टाके निघेपर्यंत रुग्ण तिथे राहतो आणि नंतर सेनगाव, कळमनुरी, वसमत किंवा औंढ्याला घरी येतो.

संसर्ग दिसू लागतो तो नेमका त्यानंतर. पुण्याला पुन्हा जायचे तर भाडे, मजुरी बुडणे, सोबत कोणीतरी हवे. म्हणून रुग्ण गावातल्या दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरांकडे ऑपरेशनचे कागद नसतात. अनेकदा रुग्ण ऑपरेशन नेमके कसले झाले हेही लाजेने सांगत नाही. स्तनाचे इम्प्लांट बसवलेली स्त्री सासरी "गाठ काढली होती" असे सांगते आणि डॉक्टरांनाही तेच सांगते. मग साध्या गळवाचे उपचार सुरू होतात.

दुसरी अडचण टीबीच्या गोंधळाची. जखमेतल्या पुवाची खास रंगपद्धतीने तपासणी केली तर सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे आणि एनटीएमचे जिवाणू सारखेच, लाल काड्यांसारखे दिसतात. तुकड्याच्या तपासणीतही दोन्हींचे चित्र मिळतेजुळते असू शकते. टीबी आपल्याकडे सर्रास आढळत असल्याने "टीबी आहे" असे ठरवून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. पण वेगाने वाढणाऱ्या एनटीएमवर टीबीची नेहमीची औषधे परिणामकारक नसतात. रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या खातो, यकृतावर ताण येतो, गावात "टीबी झाला" अशी कुजबुज होते आणि जखम आहे तशीच राहते.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. खरोखरचा टीबीही शस्त्रक्रियेच्या जखमेत होऊ शकतो. म्हणून तपासणी न करता टीबीची औषधे बंद करणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचा समावेश आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असावाच लागतो. असे विभाग बळकट झाले, तर किमान पहिली शंका जिल्ह्यातच घेतली जाऊ शकते आणि नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. शेजारच्या नांदेडमध्ये डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे.

कोणती लक्षणे दिसली तर सावध व्हावे?

साधा संसर्ग बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत होतो. जखम लालबुंद, गरम, ठणकणारी असते, ताप येतो, दाट पिवळा पू येतो आणि योग्य प्रतिजैविकांनी तो आटोक्यात येतो.

एनटीएमचे वागणे वेगळे असते :

- आधी भरून आलेली जखम तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा पुन्हा फुटते.
- स्राव बहुधा पातळ, पाणीदार असतो. त्याला वास नसतो किंवा कमी असतो.
- जखमेजवळ जांभळट-लाल गाठी उठतात. एक बसते, तर दुसरी उठते.
- ताप नसतो किंवा किरकोळ असतो.
- इम्प्लांटच्या बाजूला सूज किंवा जडपणा येतो आणि दोन बाजूंमध्ये फरक दिसू लागतो.
- दोन-तीन प्रकारची प्रतिजैविके होऊनही फरक पडत नाही.

यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, तर आणखी एका गोळीचा कोर्स करण्याआधी तपासणी व्हायला हवी. जोराचा ताप, थंडी वाजणे, सूज झपाट्याने पसरणे किंवा इम्प्लांट त्वचेतून दिसू लागणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निदान कसे होते?

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा म्हणजे योग्य नमुना. जखमेवरून कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना अपुरा पडतो. सुईने काढलेला स्राव किंवा जखमेच्या आतल्या भागाचा छोटा तुकडा जास्त उपयोगी ठरतो. तुकड्याचे दोन भाग करतात : एक फॉर्मेलिनमध्ये, पेशींच्या तपासणीसाठी आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चरसाठी. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर जिवाणू मरतात आणि कल्चर करताच येत नाही. ही छोटी चूक वारंवार होते.

दुसरा टप्पा म्हणजे लॅबला नेमके काय शोधायचे ते सांगणे. पू तपासणीची प्लेट लॅबमध्ये सहसा दोन दिवस पाहून टाकून देतात. एनटीएम त्यानंतर उगवतो. म्हणून कागदावर "मायकोबॅक्टेरियाची तपासणी, रंगपद्धती आणि कल्चर, एनटीएमची शंका" असे स्पष्ट लिहिलेले असावे. किलोनीसारखे जिवाणू शरीराच्या तापमानापेक्षा थोड्या कमी, सुमारे ३० अंश तापमानाला चांगले वाढतात, हेही लॅबला माहीत असावे लागते.

तिसरा टप्पा म्हणजे टीबीपासून फरक करणे. सीबीनॅट ही चाचणी टीबीच्या जिवाणूची जनुकीय खूण शोधते. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या दिसल्या, पण सीबीनॅटमध्ये टीबी आढळला नाही, तर एनटीएमची शक्यता बळावते. नेमकी जात कोणती आणि तिच्यावर कोणते औषध चालते, हे मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेतून कळते. त्याला काही आठवडे लागू शकतात.

उपचार काय असतात?

उपचाराच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली बाजू शस्त्रक्रियेची. खराब झालेला भाग खरवडून काढणे आणि बहुतेक रुग्णांत इम्प्लांट किंवा जाळी काढणे. ती बायोफिल्मसकट आत राहिली तर औषधे अपुरी पडतात. नवे इम्प्लांट लगेच बसवत नाहीत. संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर, काही महिन्यांनी त्याचा विचार होतो.

दुसरी बाजू औषधांची. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अॅझिथ्रोमायसिन, अॅमिकॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, लिनेझोलिड, डॉक्सिसायक्लिन, इमिपेनेम यांपैकी निवड होते. ही निवड जंतूची जात आणि लॅबचा अहवाल पाहून होते. गंभीर संसर्गात एकच औषध देत नाहीत, कारण जंतू त्याला लवकर सरावतो. अॅबसेसस हा या तिघांत सर्वात चिवट मानला जातो. त्यातल्या अनेक जंतूंमध्ये असे जनुक असते की क्लॅरिथ्रोमायसिन सुरुवातीला चालते आणि नंतर निकामी होते. गंभीर संसर्गात उपचार साधारण चार महिने चालतात. हाडापर्यंत संसर्ग गेला असेल तर सहा महिने किंवा अधिक.

ही औषधे स्वतःच्या मनाने घेण्यासारखी नाहीत. अॅमिकॅसिनने ऐकण्यावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, लिनेझोलिडने रक्तपेशी आणि नसांवर. म्हणून अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. जखम बरी दिसली म्हणून मध्येच गोळ्या थांबवल्या तर संसर्ग उलटू शकतो.

हळद लावावी का?

वसमतच्या हळदीचे नाव राज्याबाहेरही आहे. कापले, खरचटले की हळदीची चिमूट हा हिंगोलीतल्या घराघरातला पहिला उपाय असतो. ऑपरेशनच्या जखमेवर मात्र हळद, शेण, राख, झाडपाल्याचा लेप, टूथपेस्ट असे काहीही लावू नये. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या थराखाली जखमेचा रंग आणि स्राव नीट दिसत नाही. इम्प्लांटपर्यंत पोहोचलेला जंतू वरच्या लेपाने मरत नाही.

डॉक्टर परवानगी देईपर्यंत जखमेवर टाकीचे किंवा टँकरचे पाणी घेऊ नये. विहीर, नदी, तीर्थकुंड, जलतरण तलाव येथे उतरू नये. ड्रेसिंगला सलाइन वापरावे. अर्धी वापरलेली सलाइनची बाटली दिवसेंदिवस उघडी ठेवून पुन्हा वापरू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे?

प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले सर्जन या प्रश्नांची उत्तरे सहज देतात.

- शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे शिक्षण कोणते? प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का?
- शस्त्रक्रिया सुसज्ज ऑपरेशन थिएटरमध्ये होणार की ब्युटी क्लिनिकच्या खोलीत?
- हत्यारे ऑटोक्लेव्ह करतात की द्रावणात बुडवतात? द्रावणातून काढल्यावर ती कशाने धुतात?
- इम्प्लांटचे वेष्टन सीलबंद असेल ना? त्यावरील कंपनी, आकार आणि क्रमांकाचे स्टिकर रुग्णाच्या कागदांवर लावून मिळेल का?
- गावी गेल्यावर त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? जवळच्या कोणत्या डॉक्टरांना दाखवायचे?

घरी परतताना डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचे स्टिकर आणि दिलेल्या औषधांची यादी यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन महिन्यांनी गावातल्या डॉक्टरांना हाच फोटो सर्वात जास्त उपयोगी पडतो.

खर्चाचीही स्पष्टता आधीच हवी. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यांना वेगळे नियम असतात.

नेहमी पडणारे प्रश्न

*घरच्यांना लागण होईल का?* जखमेतला हा संसर्ग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. भांडी, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही. ड्रेसिंगनंतर साबणाने हात धुणे आणि वापरलेला कापूस बंद पिशवीत टाकणे पुरेसे आहे.

*हा कर्करोग आहे का?* नाही. मात्र इम्प्लांटभोवती उशिरा येणाऱ्या सुजेची इतर कारणेही असतात, म्हणून तपासणी टाळू नये.

*हे डॉक्टरांच्या चुकीनेच होते का?* प्रत्येक वेळी नाही. काळजी घेऊनही एखाद्या रुग्णाला संसर्ग होऊ शकतो. पण एकाच ठिकाणी ऑपरेशन झालेल्या दोन-तीन रुग्णांना सारखाच त्रास झाला, तर पाणी, द्रावण आणि हत्यारे तपासायलाच हवीत. म्हणूनच रुग्णाने मूळ सर्जनला कळवणे महत्त्वाचे ठरते. गावातच उपचार घेऊन गप्प राहिल्यास त्या थिएटरमधल्या पुढच्या रुग्णालाही तोच धोका राहतो.

*इम्प्लांट आहे, पण काहीच त्रास नाही. काढून टाकावे का?* त्रास नसेल तर या संसर्गाच्या भीतीने इम्प्लांट काढण्याची गरज नाही. ठरलेल्या तपासण्या चालू ठेवाव्यात.

*डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. काय करावे?* रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सोबत आलेल्यांना बाहेर थांबायला सांगून एकट्याने बोलता येते. "दोन महिन्यांपूर्वी इम्प्लांट बसवले आहे" एवढे एक वाक्य वेळेवर सांगितले, तर तपासणीची दिशा पहिल्याच भेटीत बदलू शकते.